फलकावरची धामण

धनुष्याला कोणतं लाकूड चालतं, असं मला आजवर फार थोड्यांनी विचारलं. ज्यांनी विचारलं त्यांना मी लवकर सोडलं नाही. त्यामुळं छत्रपती संभाजीनगरहून एका क्रीडा मंडळाचा फोन आला आणि पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, आमच्या भागातली धनुष्याला योग्य झाडं ओळखून द्याल का?" तेव्हा मी राहण्याजेवणाची चौकशीही न करता बॅग भरली. परत आल्यावर आता वाटतं, झाडं ओळखून झाल्यावर तुम्ही त्यांचं काय करणार, एवढं तरी विचारायला हवं होतं.

मी सांगलीचा. नोकरीभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि सुट्ट्यांत लाकडं तासली. तासून केलेली धनुष्यं घरात कपाटांच्या मागं उभी आहेत. बायको पाहुण्यांना सांगते की पडद्यांच्या काठ्या आहेत. ज्या झाडासाठी मी एवढ्या लांब गेलो ते म्हणजे धामण. नाव ऐकलं की लोकांना साप आठवतो. मी म्हणतो ते झाड आहे. पान देठापाशी एका अंगाला झुकलेलं, कडांना बारीक दाते, खालून पांढुरकं. लाकूड असं की वाकवा, सोडा, पुन्हा सरळ. कुऱ्हाडीचे दांडे, कावडी आणि जिथं जिथं तिरंदाजी टिकली तिथं धनुष्यं याच लाकडाची. सातमाळ्याच्या डोंगरउतारांवर ती अजून आहे असं ऐकून होतो. मला ती पाहायची होती. मंडळाला काय पाहायचं होतं ते कळायला दोन दिवस गेले.

पुंडलिकनगर

उतरलो माधवकडं. कॉलेजातला मित्र, आता निवृत्त होऊन शहरातल्या पुंडलिकनगरात घर बांधून राहिलेला. त्याच्या स्वैपाकघरात मटण शिजत नाही, आणि हा नियम माधवच्या जिभेला अजून मान्य नाही. म्हणून नान-खलिया बाहेरून आला आणि आम्ही दोघांनी तो अंगणात, वेगळ्या ठेवलेल्या ताटल्यांत खाल्ला. नान जाड, हळदीच्या रंगाचा. खलिया दिसायला आमच्या तांबड्या रश्श्याचा भाऊ, पण स्वभावानं शांत. आमचा रस्सा पाहुण्याची परीक्षा घेतो. हा विचारपूस करतो.

अंगणात तुती होती. तुतीचं लाकूड चिवट आणि लवचीक, पूर्वी हॉकीच्या काठ्या त्याच्या करत. मी हात धुऊन तिची एक सरळ फांदी जरा वाकवून पाहत होतो, तोच दारातून माधवची बायको म्हणाली, "भावजी, ती तुती बुलबुलांची आहे. तिच्यावर डोळा ठेवू नका."

"नुसतं बघतोय, वहिनी."

"मागच्या वेळी आमच्या कपडे वाळत घालायच्या काठीकडंही नुसतं बघतच होता."

त्या काठीबद्दल आता बोलायचं कारण नाही.

शेंद्रा

मंडळाचे अध्यक्ष शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, शेंद्र्याला बसतात. त्यांचा तिथं कसलासा कारखाना आहे. रिक्षावाल्याला मी झाडांच्या कामासाठी चाललोय असं सांगितलं, तर तो मागं वळून म्हणाला, "शेंद्रे में झाडाँ कहाँ के साब? वहाँ तो फकत बोर्डाँ लगे हुए." शहरातल्या कुणी मला इतक्या नेमक्या शब्दांत सावध केलं नाही, आणि मी ते हसण्यावारी नेलं.

कचेरीत चारी भिंतींवर अध्यक्षांचे फोटो. फीत कापताना, नारळ फोडताना, रोप लावताना. रोप लावतानाच्या फोटोंत त्यांच्याभोवती इतकी माणसं होती की रोपाला ऊन कुठून मिळालं असेल, हा प्रश्न पडावा. मला लगेच शाल घातली, फोटो काढला, शाल घडी करून पुन्हा कपाटात गेली. मग एका काचेच्या पेटीतून सोनेरी पॉलिश केलेलं, पुरुषभर उंचीचं धनुष्य बाहेर आलं.

"सागवान. ओरिजिनल," अध्यक्ष म्हणाले. "बघा हातात घेऊन."

मी हातात घेतलं. सवयीनं गुडघा लावला आणि जरासं वाकवलं. कडाड आवाज झाला आणि त्याचे दोन तुकडे माझ्या दोन हातांत राहिले.

मी म्हणालो, "साग दाराखिडक्यांना चांगला, अध्यक्षसाहेब. धनुष्याला नाही. तो वाकत नाही."

"वाकवायचं कुठं होतं? टांगायचं होतं," अध्यक्ष म्हणाले.

या एका वाक्यात पुढचा सगळा प्रवास होता, पण मी तेव्हा माफी मागण्यात गुंतलो होतो. वास्तविक माफी त्यांनी मागायला हवी होती, सागाची आणि धनुष्याचीही.

मग योजना कळली. तिचं नाव 'धनुर्वृक्ष'. मी धामणीचं उत्तमातलं उत्तम झाड शोधून द्यायचं. मंडळ त्याच्या बुंध्याभोवती फरशीचा कट्टा बांधणार, लोखंडी जाळी लावणार, रंगीत दिवे सोडणार आणि फलक बसवून एका मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण करणार. माझी कल्पना अशी होती की ओळखलेल्या झाडांच्या फोकांपासून, म्हणजे सरळ नव्या फांद्यांपासून, शाळेतल्या मुलांसाठी धनुष्यं होतील. मी तसं विचारलं.

"ते दुसऱ्या टप्प्यात," मंडळाचे संयोजक शिंदे म्हणाले. शिंदे हा सतत फोनवर असलेला, पण मनानं वाईट नसलेला तरुण. पुढं मी पाहिलं की मुलांचं, गुरांचं, पाण्याचं, सावलीचं जे जे काही असेल ते दुसऱ्या टप्प्यात असतं. पहिला टप्पा फरशीचा.

पिशोरच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंदेंच्या गाडीतून निघालो. कन्नड तालुक्यातलं पिशोर हे मोठं, बाजाराचं गाव. आम्हाला जायचं होतं त्याच्याही पुढं, डोंगराच्या अंगाला. नेमकं कुठं ते मी लिहिणार नाही, आणि जे थोडं लिहीन त्यात दिशा बदललेल्या आहेत. कारण पुढं कळेल.

वाटेतल्या एका गावात शिंदेंनी अभिमानानं गाडी थांबवली. "हे आमचं गेल्या सालचं काम." जुनी, प्रचंड चिंच होती. तिच्या गळ्यापर्यंत सिमेंट आलेलं. कट्ट्याला गुळगुळीत फरशी, भोवती माणसाच्या उंचीची जाळी, जाळीला फाटक, फाटकाला कुलूप आणि फाटकावर अध्यक्षांचं नाव. चिंचेचं नाव त्याखाली, बारीक अक्षरात. पावसाचं पाणी मुळांपर्यंत जायला बोटभर जागा ठेवलेली नव्हती. झाडाचा अर्धा माथा वाळलेला होता. एस.टी.ची वाट पाहणारी माणसं जाळीबाहेर उन्हात उभी होती आणि आत सावली कुलपात होती.

"किल्ली कुणाकडं?" मी विचारलं.

"शेंद्र्याला, साहेबांकडं. नाहीतर पोरं चढून चिंचा पाडतात ना सर."

चिंचेवर चढून चिंचा पाडायच्या नाहीत तर काय पाडायचं, हे मी विचारलं नाही. मी इतकंच म्हणालो की ही फरशी बुंध्यापासून हातभर तरी फोडा, नाहीतर झाड जाईल. शिंदेंनी मान डोलावली. "कळवतो साहेबांना. दुसऱ्या टप्प्यात घेऊ."

पुढच्या गावी मंडळाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं हुरड्याला बोलावलं होतं. थंडीचे दिवस, ज्वारी दुधात आलेली. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून, हातावर चोळून, लसणीच्या चटणीबरोबर समोर टाकत होते. आमच्याकडंही हुरडा होतो, पण आम्ही तो खाता खाता राजकारण बोलतो. इथं माणसं खाताना फक्त खात होती, हे मला फार सुसंस्कृत वाटलं. शिंदे मात्र कणसाबरोबर स्वतःचे फोटो काढत होते. जेवण झाल्यावर ते तिथंच बाजेवर आडवे झाले आणि मी एकटा ओढ्याकडं उतरलो. गाडीला तिथं वाट नव्हती, हे नशीब.

ओढ्याकाठी

पहिल्यांदा दिसल्या त्या विद्रूप वाटल्या. खांद्याच्या उंचीवर छाटलेले ठोंब आणि त्यांतून सरळ वर गेलेले फोक, जसा उलटा धरलेला खराटा. मग पान हातात घेतलं, खालून पांढुरकं, देठापाशी झुकलेलं. धामण! एक नाही, ओढ्याच्या दोन्ही काठांना रांगच. आणि फोक तर असे की मी आयुष्यात पाहिले नव्हते. गाठ नाही, पीळ नाही, मनगटाएवढे जाड आणि उभ्या रेषेसारखे सरळ. जुन्या रुंद बुंध्यातून धनुष्य काढायचं तर लाकूड फाडावं लागतं, आणि रेषा तुटली की ते मोडतं. अशा फोकाला फक्त तासायचं असतं. झाड कुणीतरी नेमानं छाटत होतं, म्हणूनच तर हे उगवलं होतं.

"हात नका लावू. कोन तुम्ही?"

वरच्या दरडीवर एक बाई हातात कोयता घेऊन उभी होती. मागं तिच्या शेळ्या. त्या भागाबाई. घराणं धनगराचं, नवरा मोठी मेंढरं घेऊन लांब जातो, शेळ्या आणि ओढा भागाबाईंकडं. मी सांगलीहून धामण बघायला आलो म्हटल्यावर त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तुमच्याकडं झाडं नायत का?"

"आहेत. पण असे फोक नाहीत."

"नसतीलच," त्या म्हणाल्या आणि खाली उतरल्या. "त्याला हात लागतो. माझ्या सासूचा हात होता, आता माझा हाय."

नम्रतेशी भागाबाईंचा परिचय नव्हता. थंडीत पानगळ व्हायच्या आत फोक तोडायचे, पाला शेळ्यांना, काठ्या दांड्यांना; मात्र उगवतीकडचा एक फोक प्रत्येक झाडाला राखायचा, त्याला कोयता लावायचा नाही, अशी त्यांची रीत.

"उगवतीकडचाच का?" मी विचारलं.

"देवाचा असतो."

मला वाटतं, एक फोक राहिला तर झाडाला पुन्हा फुटायला दम राहतो, दिशा कुठलीही असो. मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "दिशा कुठली बी असली आसती तर देवानं सूर्य कुठूनबी काढला नसता का?" मी सूर्याचा नाद सोडला. पण अमावास्येला तोडलेल्या काठीला कीड लागत नाही, असं त्या छातीठोकपणे म्हणाल्या, तेव्हा मी काठावरच्या त्यांच्या खोपटाला टेकवलेल्या काठ्यांतली एक उचलून किडीची भोकं दाखवली.

"ही नवऱ्यानं तोडली असंल," त्या म्हणाल्या. "त्याला अमावस्या कळती व्हय!"

काठ्या टोकांना शेण लिंपून सावलीत ठेवल्या होत्या, म्हणजे ओल हळूहळू जाते आणि लाकूड तडकत नाही. मीही तेच करतो, फक्त मी मेण वापरतो. मी एक काठी गुडघ्याला लावून वाकवली, या वेळी जपून. ती वाकली, थांबली आणि सोडल्यावर हातातून निसटून सरळ झाली. मी मोठ्यानं हसलो. भागाबाई शेळ्यांना म्हणाल्या, "बघा गं, याला काय झालं."

मग त्यांनी विचारलं, "कुणी धाडलं तुम्हाला?"

मी मंडळाचं नाव सांगितलं. त्यांचा चेहराच बदलला.

"चिंचंला कुलूप लावलं तेच ना? सर, मी हात जोडते. ही झाडं दावू नका त्यांना. त्यांनी जाळी लावली तर मी पाला कुठून आणू? रान वाळल्यावर शेळीच्या पोटात काय घालू? आन कोयता लागला नाय तर हे फोक तरी येतील का? तुम्हीच सांगा, तुम्ही तर शिकलेले."

येणार नव्हते. छाटणी थांबली की दोन-चार पावसाळ्यांत हीच झाडं वेडीवाकडी वाढणार आणि मुळांवर सिमेंट बसलं की तीही थांबणार. ज्या रितीनं ही उत्तम धनुष्याची झाडं घडली, तीच रीत मंडळ झाडांचा सन्मान करण्यासाठी बंद पाडणार होतं. मी भागाबाईंना म्हणालो, "काळजी करू नका. मी त्यांना नीट समजावून सांगतो." आयुष्यभर समजावण्याचाच पगार घेतल्यामुळं समजावून माणसं समजतात, असा माझा गैरसमज होता.

कट्टा

मी वर आलो तेव्हा रस्त्यावर अध्यक्षांच्या गाड्या येऊन उभ्या होत्या. पाठोपाठ एक टेम्पो, त्यात जाळीचे तयार भाग, फरशा, फलक आणि गवंडी-रंगारी. फलकावर 'धनुर्वृक्ष – धामण' असं आधीच रंगवलेलं होतं. लोकार्पण आजच होतं, फक्त झाड यायचं बाकी होतं.

"सापडलं?" अध्यक्षांनी विचारलं.

मी समजावलं. धामण म्हणजे पुतळा नव्हे, ती वापरली तरच टिकते, छाटली तरच सरळ फोक येतात. कट्टा नको, जाळी नको. ज्यांची रीत आहे त्यांना तोडू द्या आणि त्यांच्याकडून काठ्या घेऊन मुलांना द्या. मला वाटतं, मी इतकं चांगलं व्याख्यान वर्गातही दिलं नसेल.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे सर, संवर्धन करू नका म्हणता? शेळ्यांच्या तोंडी देऊ असं झाड? ते गायरान आहे, आमचं सरपंचांशी बोलणं झालंय. शिंदे, खाली उतरायला वाट करता येईल का?"

शिंदे बुटांकडं बघत म्हणाले, "जेसीबी आणावा लागेल, साहेब."

एवढ्यात गावातली माणसं जमली होती. भागाबाईही शेळ्या घेऊन वर येऊन उभ्या होत्या. मोठे पाहुणे पिशोरपर्यंत पोचल्याचा फोन आला आणि धावपळ सुरू झाली. अध्यक्षांनी इकडंतिकडं पाहिलं. रस्त्याच्या कडेला, गाड्या लावायला ऐसपैस जागा सोडून, एक डेरेदार भोकर उभं होतं. भोकराच्या फळांचं लोणचं या भागात घरोघर असतं. लाकूड मात्र मऊ. त्याचं धनुष्य केलं तर दोरी चढवतानाच ते नमस्कार करील.

"हे काय झाड आहे?" अध्यक्षांनी विचारलं. "पानं तर तशीच दिसतात."

पानं मुळीच तशी दिसत नव्हती. तशी पानं दिसायला आंधळाच माणूस हवा होता. चुकीचं नाव ऐकलं की माझी जीभ आपोआप हलते, विद्यार्थी यावरून माझी नक्कल करायचे. मी तोंड उघडलं, तेवढ्यात भागाबाई पुढं आल्या.

"व्हय साहेब, हीच धामण. आमच्या आजीसासूच्या काळापासनं हीच."

गर्दीतला एक म्हातारा खोकला. बायकांनी पदर तोंडाला लावले. तिथल्या प्रत्येकाच्या घरात त्या झाडाचं लोणचं बरणीत होतं, आणि कुणी एक शब्द बोललं नाही. सगळे माझ्याकडं पाहत होते. भागाबाई सोडून. त्या शेळ्यांकडं पाहत होत्या.

"काय सर? हेच ना?" अध्यक्ष म्हणाले.

ओढ्यावरून आणलेलं धामणीचं पान माझ्या खिशात होतं. मी हात खिशात घालून ते चुरगाळलं.

"हेच," मी म्हणालो.

फरशा उतरल्या. पाहुणे आले, माईक आला. पाहुण्यांनी त्या भोकराला हात लावून सांगितलं की या लाकडात पराक्रम आहे. टाळ्या झाल्या. कपाटातली शाल पुन्हा माझ्या अंगावर आली. मग अध्यक्षांनी एका रंगाऱ्याला बोलावलं आणि माझ्या डोळ्यांदेखत फलकावर ओळ वाढली: 'तज्ज्ञांकडून खात्री', आणि खाली माझं नाव, पदव्यांसकट. मी म्हणालो, नाव नको. ते म्हणाले, "सर, लाजता काय!" लाज नव्हती, राग होता. खोटं नाव लिहिलेली बाटली प्रयोगशाळेत सापडली म्हणून मी एकेकाळी मुलांना उभं केलं आहे. आता माझं नाव फरशीत पक्कं बसून भोकराला धामण म्हणत होतं, आणि ते पुसायची सोय नव्हती.

निघताना भागाबाई गाडीपाशी आल्या. आभार मानले नाहीत. म्हणाल्या, "सर, भोकराचं काय हुईल आता?"

"सिमेंट बुंध्याला लावू दिलेलं नाही," मी म्हणालो. गवंड्याच्या मागं लागून हातभर माती तेवढी मोकळी ठेवून घेतली होती. पूर्ण दिवसात माझं ऐकलं गेलं ते एवढंच.

मंडळातलं कुणी हे वाचेल, अशी भीती मला नाही. शेंद्र्याच्या कचेरीत मी वाचण्यासारखं जे पाहिलं ते सगळं फलकांवर होतं. इतर वाचकांना विनंती की त्या बाजूला गेलात तर रस्त्यावरचा कट्टा पाहा, फोटो काढा, पुढच्या गावी हुरडा खा.

गेल्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता स्वतः वनस्पतिशास्त्र शिकवते आणि मुलांची सहल घेऊन त्या रस्त्यानं गेली होती. आवाजात संकोच होता.

"सर, तुमच्या नावाचा फलक पाहिला. पण सर... ते भोकर आहे."

"फलकावर काय लिहिलंय?"

"धामण."

"मग मुलांना तेच वाचून दाखव आणि पुढं जा."

ती हळूच म्हणाली, "सर, खाली ओढ्याकडं कोयत्याचा आवाज येत होता. मुलं उतरू म्हणत होती."

"उतरलीत?"

"नाही."

"छान केलंस," मी म्हणालो.